सुलाबाईंना खुडूक पाहिजे

"सरजा, ते अंडं खाली ठिव."

"नुसतं बगायली मी."

"मग डोळ्यानं बग की. हातानं काय बगतीस?"

सरजाबाईंनी अंडं परत सरकीत ठेवलं. माठाच्या मागं, सगळ्यात गार कोपऱ्यात एक पाटी होती, पाटीत कपाशीची सरकी, आणि सरकीत नऊ अंडी. नऊच होती, तरी सुलाबाईंनी ती सकाळपासून चार वेळा मोजली होती.

सुलाबाई चुडाव्याच्या. वीस वर्षं शाळेत खिचडी शिजवली. मालक सितारामराव रेल्वेत गँगमन होते, आता घरी असतात. मुलगा सिद्धोधन पुण्याला कारखान्यात. नातवाला हाक मारायची तर सुलाबाई आधी मुलाचं नाव घेतात, मग दिराचं, मग कपाळावर हात मारतात, आणि तोवर नातू समोर येऊन उभा राहिलेला असतो. पण कोंबडी कुठलीही दाखवा. "ही ठिपकी. ठिपकीची माय लंगडी, लंगडीची माय ती बाभळीवर चढून झोपायची ती, आन् तिची माय माझ्या आत्यानं पिशवीत घालून दिल्ती." बावीस वर्षांचं खानदान तोंडपाठ. कोंबड्यांची नावं त्यात येत नाहीत. कारण विचारलं की म्हणायच्या, "वंश कोंबडीचा असतो माय. कोंबड्याचा नुसता आवाज."

ह्या हिशेबानं त्यांनी कोंबडे सगळ्यांना दिले, हसत दिले. कोंबडी मात्र कुणालाही नाही. अंडंसुद्धा नाही. आजारी माणसासाठी कुणी अंडं मागायला आलं तर सुलाबाई आत जायच्या, दहा मिनिटांनी बाहेर यायच्या आणि हातावर ठेवायच्या ते गरम असायचं. उकडलेलं. न जाणो, आजारी माणूस बरा झाला आणि अंडं कुणाच्या कोंबडीखाली गेलं तर? गावात म्हण पडली होती, सुलाबाईची कोंबडी उकडलेलंच अंडं देते.

आणि मग यंदा भादव्यात मानमोडीचा रोग आला. आठवड्यात खुराडं रिकामं. एक ठिपकी आणि एक लाल कोंबडा, एवढंच राहिलं. ठिपकीनं दिवाळीनंतर अंडी घालायला घेतली, नऊ झाली, आता खुडूक होऊन बसणार, म्हणून सुलाबाईंनी तिच्यासाठी टोपलं शेणानं सारवूनसुद्धा ठेवलं. त्याच सकाळी मुंगसानं तिला परसात गाठलं.

"आता कसं?" सरजाबाई म्हणाल्या. त्या शेजारच्या, नात्यानं जाऊ, आणि स्वभावानं काडी टाकून शेकायला बसणाऱ्या. "अंडी काय तू बसून उबवतीस का?"

"उबवली असती. पण अंगाखाली फुटतील."

"ते मात्र खरं हाय."

खुडूक झालेली कोंबडी हवी होती. म्हणजे जिनं अंडी देणं थांबवलंय, अंग फुगवून टोपल्यात बसलीय, हात लावला की खुर्र करून चोच मारतेय, जिला जगात फक्त उबवायचंय अशी. पण गावात आता बहुतेक घरी सरकारी योजनेतल्या कोंबड्या. त्या अंडी ढीगभर देतात, बसत नाहीत. अंडं टाकतात आणि ड्युटी संपल्यासारख्या निघून जातात. ज्या दोन-चार घरांत गावरान होत्या, त्या प्रत्येक घराला सुलाबाईंनी कधी ना कधी उकडलेलं अंडं पाठवलेलं होतं. त्या दारात आता कोणत्या तोंडानं उभं राहायचं?

"ग्रुपवर सांग की," सरजाबाई म्हणाल्या.

ग्रुप म्हणजे 'परसातली कोंबडी'. पाथरीपासून पूर्णेपर्यंतची माणसं त्यात होती. महिन्याच्या शेवटच्या रविवारी देवगाव फाट्यावर चिंचेखाली जमायचं आणि अदलाबदल करायची. पक्ष्याला पक्षी. पैशाचं नाव काढायचं नाही.

"सांगते. पण गरज हाय आसं न्हाई सांगायची."

"का गं?"

"गरज दिसली की समदे बदल्यात अंडी मागतेत."

म्हणून सुलाबाईंनी फोन तोंडाजवळ धरला आणि आवाजात जमेल तेवढा कंटाळा आणून बोलल्या, "जयभीम समद्यांला. चुडाव्याहून सुलाबाई. माझ्याकडं एक कोंबडा हाय, लाल, लय देखणा. बदल्यात कुठलीबी गावरान चालल. कुणाची खुडूक बसून बेजार करायली असल तर तीबी घिन. मला काय, दोन दाणे जास्त टाकायचे."

सरजाबाई पदर तोंडात कोंबून हसत होत्या. सुलाबाईंनी खाली कोंबड्याचा फोटोही टाकला.

ग्रुप चालवणारा पप्पू, देवगाव फाट्यावर त्याचं पंक्चरचं दुकान. त्याचं उत्तर लगेच आलं, "सुलामावशी, तब्येत बरी हाय ना? लोक खुडूक खपवायला बगायलेत अन् तुमी मागायलाव?" त्याच्याखाली हसऱ्या तोंडांची रांग. मग पाथरीहून दिनकररावांचा मजकूर आला, अर्जासारखा: 'माझ्याकडील तांबडी कोंबडी, नाव शुभदा, गेल्या सहा दिवसांपासून खुडूक आहे. आपली तयारी असल्यास रविवारी समक्ष घेऊन येतो. कळावे.'

"तयारी हाय म्हणं!" सुलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन कपाळाला लावला.

रविवारी पहाटेच्या गाडीनं दोघी निघाल्या. एका डालग्यात कोंबडा. आणि सुलाबाईंच्या मांडीवर स्टीलचा डबा, आत सरकी, सरकीत नऊ अंडी. घरी ठेवायची सोय नव्हती, सितारामराव ऑम्लेटचे शौकीन. शिवाय खुडूक हाती आली की तिथंच डालग्यात अंड्यांवर बसवून आणायची, असा बेत होता. अंडी फार दिवस दम धरत नाहीत. हिवाळा म्हणून टिकली होती, पण सुलाबाईंच्या अंदाजानं अजून दोन-तीन दिवस, बस. मग ती खायच्या कामाची.

परभणीला समोर एक बाई येऊन बसल्या. "लाडू हायत का?" त्यांनी डब्याकडं बघून विचारलं.

"नातवंडं हायत," सरजाबाई म्हणाल्या.

त्या बाई सेलूपर्यंत पुन्हा काही बोलल्या नाहीत.

सेलूहून जीपनं फाट्यावर पोचेतो दहा वाजले. चिंचेखाली बाजार भरल्यासारखी गर्दी. कुणाच्या टोपलीत बदक, कुणाच्या गोणीत टर्की, एक जण काळा कोंबडा काखेत मारून फिरत होता. पप्पू मधोमध उभा राहून ओरडत होता, "आजारी पक्षी आणला आसंल तर आत्ताच न्हेऊन घाला घरी! मागच्या वेळी माझ्याच गळ्यात शिंकणारी कोंबडी पडली!"

दिनकरराव पंचायत समितीत कारकून होते, निवृत्त झाले आणि कोंबड्या पाळायला लागले. पांढरा सदरा, खिशाला पेन. कापडी पिशवीला व्यवस्थित गोल भोक पाडून त्यातून कोंबडीची मान बाहेर काढलेली. कोंबडी इकडंतिकडं बघत होती. मजेत.

सुलाबाईंनी ते बघितलं आणि डब्यावरचा हात घट्ट केला. खुडूक कोंबडी इकडंतिकडं बघत नसते.

"नमस्कार सुलाताई. ही शुभदा." दिनकररावांनी पिशवी पुढं केली. "आणि एक आनंदाची बातमी देतो."

"द्या."

"तुमच्या कोंबड्याचा फोटो पाहिला. काय रुबाब! आमच्या विमलाबाई म्हणाल्या, अहो, असा कोंबडा घ्यायचा आणि त्या बिचाऱ्या बाईंना खुडूक द्यायची? मनाला पटेना. फसवल्यासारखं वाटलं. म्हणून मंगळवारपासून दोन्ही वेळा गार पाण्यात उभी केली हिला. नाकात पीस घालतात म्हणे, तेही केलं. चोच मारली मला, हे बघा. पण काल संध्याकाळी सुटली! एकदम ठणठणीत. आठवड्यात अंडं देईल तुम्हाला."

ते शाबासकीची वाट बघत उभे राहिले.

"सोडवली?" सुलाबाई म्हणाल्या.

"पूर्ण."

"पाण्यात घालून?"

"बोअरचं गार पाणी. अगदी पोटापर्यंत."

सुलाबाई डबा घेऊन तिथंच मातीत बसल्या. सरजाबाईंना हसू आवरेना आणि रडूही येईना, असं काहीतरी झालं. शेवटी त्यांनीच तोंड उघडलं, "साहेब, बाईला खुडूकच पाहिजे व्हती. ठिपकीला मुंगसानं न्हेलं. तिच्या मागं ही नऊ अंडी तेवढी हायत. खानदान संपायलंय."

"पण त्या तर म्हणाल्या, दोन दाणे जास्त टाकायचे..."

"ते अकडीनं म्हणाली ती."

दिनकररावांचा चेहरा एकदम उतरला. एवढ्यात पप्पूसकट दहा-बारा जणांचं रिंगण झालं होतं.

"म्हंजे मावशी," पप्पू म्हणाला, "बावीस वर्षं अंडं उकडून दिलं, अन् आता उबवायला कोंबडी शोधायलाव?"

"हास. हास बाबा. पंक्चर काढून झाले आसतील तर हास."

"हासत न्हाई, उपाय सांगायलो. अंडं ठिवा तिच्यापुढं. कच्ची सुटली आसंल तर बसंल."

पटलं सगळ्यांना. डालगं आडवं केलं, त्यात सरकी पसरली, सुलाबाईंनी एक अंडं काढून मधोमध ठेवलं. दिनकररावांनी शुभदाला पिशवीतून काढून समोर सोडलं. चिंचेखाली एकदम चिडीचूप. बदकसुद्धा गप्प. काळ्या कोंबड्यावाल्यानं त्याची चोच धरून ठेवली.

शुभदा अंड्यापाशी गेली. मान वाकडी केली. एका डोळ्यानं बघितलं, मग दुसऱ्या डोळ्यानं.

"बसती, बसती," कुणीतरी कुजबुजलं.

शुभदानं अंड्याशेजारची एक सरकी उचलली, चोचीत घोळवली, टाकून दिली, आणि पप्पूच्या चपलेकडं निघून गेली.

"लय पक्की सोडवली राव," पप्पू म्हणाला. "सरकारी माणूस. काम अर्धवट ठेवत न्हाई."

दिनकरराव हसले नाहीत. ते सुलाबाईंशेजारी मातीत उकिडवे बसले, पांढऱ्या पँटीसकट. "सुलाताई, माझी चूक आहे."

"तुमची काय चूक साहेब? तुमी भलंच कराया गेलाव. मीच सरळ बोलले न्हाई."

मग सरजाबाई म्हणाल्या, आणि ह्या वेळी त्यांच्या आवाजात काडी नव्हती, "सुले, तुला ठावं हाय. कोंबडी जागा बदलली की बसत न्हाई. पण जुन्या जागी न्हेली, अंधार केला, पोटाखाली अंडी आली, तर एकदीड दिवसात पुन्हा बसतीबी. ही सहा दिवस कुठं बसली व्हती साहेब?"

"कूलरच्या रिकाम्या डब्यात. मागच्या पडवीत."

"मंग तिथंच."

म्हणजे पाथरीला. म्हणजे अंडी दिनकररावांच्या घरी. आणि रीत सगळ्यांना ठाऊक होती: अंडी एकाची, खुडूक दुसऱ्याची, तर पिलं अर्धी-अर्धी. वरचं एक राहिलं तर ते खुडूकवाल्याचं. आणि वाटणीत पहिला हात त्याचाच.

"न्हाई," सुलाबाई म्हणाल्या.

"बरं," दिनकरराव म्हणाले.

"म्या आजपातूर अंडं घराबाहेर काढलं न्हाई."

"उकडलेलं काढलं की," पप्पू म्हणाला. सरजाबाईंनी त्याच्याकडं असं बघितलं की तो टर्की बघायला गेला.

सुलाबाईंनी डब्याचं झाकण लावलं. उघडलं. पुन्हा लावलं. मग डबा दिनकररावांच्या हातात दिला, पण सोडला नाही. दोघांच्या चार हातांत तो डबा बराच वेळ तसाच राहिला.

"जीपमध्ये मांडीवर घ्यायचा."

"घेतो."

"पुढच्या शिटावर बसायचं. मागं धक्के बसतेत."

"बसतो."

"टोकदार बाजू खाली. कूलरच्या डब्याच्या तोंडाला पोतं लावायचं. दिसातून एकदा उठवायची तिला, दाणापाणी, की लगेच आत. अन् उगं उगं उघडून बगायचं न्हाई."

"लिहून घेऊ का?"

"न्हाई. ध्यानात ठिवा."

आणि सोडला.

त्या दिवशी अख्ख्या फाट्यावर सुलाबाई एकट्याच अशा होत्या, ज्या आपलं देऊन बदल्यात काहीही न घेता परतल्या. लाल कोंबडा डालग्यातून पूर्णेपर्यंत आरवत आला.

संध्याकाळी फोन. "बसली का?"

"नाही हो. अंड्यांकडं पाठ करून उभी आहे."

सकाळी फोन. "बसली?"

"कडेला बसली आहे. शेजारी म्हणून."

"अंधार करा आनखी!"

"आणखी अंधार केला तर मलाच काही दिसणार नाही."

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला दिनकररावांचाच फोन आला. इतक्या पहाटे फोन म्हणजे कोण गेलं म्हणून सितारामराव अंथरुणात उठून बसले. "सुलाताई! बसली! खुर्र केलं! मला चोच मारली!"

"लागलं का?"

"रक्त आलं!"

"लय ब्येस!" सुलाबाई ओरडल्या.

मग एकवीस दिवस हे असंच. विमलाबाईंनी एकदा फोन हातात घेऊन तक्रार केली, "माझ्या दोन्ही बाळंतपणांत हे ऑफिसला गेले होते हो. आता कूलरपाशी खुर्ची टाकून बसतात. चहासुद्धा तिथंच." दिनकरराव मागून म्हणाले, "हळू बोल, ती बिचकते."

नऊतली पाच फुटून पिलं निघाली. बाकीची चार म्हातारी झाली होती. फुटल्याच्या दिवशी सुलाबाईंनी व्हिडिओवर पाच ओले गोळे बघितले आणि फोन सितारामरावांकडं दिला. ते म्हणाले, "चांगली हायत," आणि वर विचारलं, "फुटली न्हाईत त्या चारांचं काय करणार ते?"

पिलं दीड महिना आईमागं राहिली. संक्रांत झाली, आणि वाटणीचा दिवस आला. सुलाबाई आणि सरजाबाई पाथरीला पोचल्या. विमलाबाईंनी चहा केला, बशीत तिळाचे लाडू ठेवले. मागच्या अंगणात शुभदा आता पिलांना ओळख दाखवत नव्हती. तिला पुन्हा अंडी घालायची होती. पाचही पिलं ज्वारीच्या कण्यांवर तुटून पडली होती. सगळ्यांच्या मानेवर ठिपकीसारखे पांढरे शिंतोडे.

सुलाबाईंनी पायऱ्यांवरूनच बघितलं. पायांची जाडी, शेपटीचं वळण, उभं राहायची ढब. चहाचा कप संपायच्या आत त्यांना कळलं होतं: तीन कोंबडे, दोन तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या. सरजाबाईंनाही कळलं होतं.

दिनकररावांना कळलं नव्हतं.

"पाच आहेत. म्हणजे रीतीनं मला तीन," ते संकोचून म्हणाले. "खरं तर मला दोनच द्या, ताई. पाण्यात मीच घातली होती."

"रीत ती रीत. उचला तुमी. पयला हात तुमचा."

दिनकररावांनी चष्मा सारखा केला. पोरगं निवडावं तसं खूप वेळ निवडलं, आणि सगळ्यात मोठं, दांडगं पिलू उचलून टोपल्यात ठेवलं. मग त्याच्याखालोखालचं दांडगं. दोन्ही कोंबडे. सरजाबाईंनी सुलाबाईंच्या पायावर पाय दिला. आता ते तिसऱ्याकडं वाकले. तोही कोंबडाच. तो टोपल्यात गेला की दोन्ही तलंगा सुलाबाईंच्या, आपोआप, रीतीनं, कुणाला वाईट न वाटता. बावीस वर्षांचं खानदान सगळंच्या सगळं परत चुडाव्याच्या खुराड्यात, आणि दार बंद.

दिनकररावांचा हात पिलाच्या पाठीवर होता.

"कशी आहे ही?" त्यांनी विचारलं. "अंडी चांगली देईल?"

सरजाबाईंचा पाय आणखी दाबला गेला.

"साहेब," सुलाबाई म्हणाल्या, "ह्यो कोंबडा हाय."

"हा?"

"ह्यो. अन् टोपल्यातले दोन्हीबी."

"तिन्ही?" दिनकरराव बघतच राहिले. विमलाबाई पदराआड हसल्या. "मग... मग मला काय कळणार? मी आपली तब्येत बघून घेत होतो."

"व्हय. तसंच घेतेत समदे." सुलाबाई उठल्या. अंगणात गेल्या. ज्वारीच्या कडेला उभी होती ती बारीक, लांब मानेची, दोघींतली जास्त चपळ तलंग त्यांनी एका हातात धरली. कोण धरतंय हे तिला कळायच्या आत धरली. ती क्षणभर त्यांच्या छातीशी राहिली. मग त्यांनी ती टोपल्यात ठेवली. "ही घ्या तिसरी. ही बसणारी हाय, आत्ताच दिसायलंय."

"पण मग तुम्हाला एकच उरली की ताई."

"ठिपकीबी एकच व्हती." त्यांनी हात झटकले. "अन् तिला मुंगूस भेटला. आता निदान दुसरी पाथरीला हाय म्हणून तरी माहीत राहील."

दिनकरराव आत गेले आणि तिळाचे लाडू पिशवी भरून घेऊन आले. विमलाबाई म्हणाल्या, "अहो, मला चार तरी ठेवा."

डालग्यात एक कोंबडा, एक तलंग घेऊन दोघी रस्त्यावर आल्या. बसस्टँडपर्यंत सरजाबाई मुक्या होत्या. असं सहसा होत नाही. स्टँडसमोर येऊन मात्र त्यांना राहवलं नाही.

"चांगली व्हती ती, बारकी?"

"दोघींत चांगली."

"अन् दिली?"

"दिली."

"सुले, मग मला का गं न्हाई कधी दिली?"

सुलाबाईंनी डालगं ह्या काखेतून त्या काखेत घेतलं. सेलूची जीप भरत आली होती, क्लीनर हाका मारत होता.

"साहेबावानी तू कधी कबूल केलं व्हतंस का," त्या म्हणाल्या, "की तुझी चूक झाली म्हणून? चल, पुढची जागा धर. मागं धक्के बसतेत."